पाचर

त्या उन्हाळ्यात चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यात काम एकदम वाढलं. मोटारींच्या सीटखाली ज्या लोखंडी पट्ट्या असतात त्या तिथं तयार होत. दुसऱ्या एका कारखान्यानं हात वर केले आणि त्याची सगळी मागणी यांच्या गळ्यात आली. फळ्यावर रोज आकडा लिहिला जायचा, आणि आज लिहिलेला आकडा उद्या कमी वाटायचा. वर पत्रा, खाली लोखंड. पंखे होते ते गरम वाराच फिरवत होते. अग्नी नक्षत्रम, म्हणजे तिकडचे ऐन कडक उन्हाचे दिवस, लागायला अजून अवकाश होता, तरी माणसांच्या पाठीवर सदऱ्यात घामाचं मीठ वाळून पांढरे पट्टे उठत होते.

शहाजी या कारखान्यातला जुना माणूस. जत तालुक्यातलं कोरडवाहू रान भावाच्या हवाली करून तो इकडं आला, आणि पट्ट्या दाबून घडवणाऱ्या प्रेसवर उभा राहिला तो राहिलाच. आता त्याचा उजवा खांदा धरला होता. सकाळी बायको हेमलता तेल चोळून द्यायची तेव्हा कुठं हात डोक्यापर्यंत जायचा. त्याच्याच ओळखीनं त्याचा मेहुणा पुष्कर, हेमलताचा धाकटा भाऊ, दोन वर्षांपूर्वी त्याच लाइनवर लागला होता. पोरगा आयटीआय झालेला, अंगानं शिडशिडीत, हातानं विजेसारखा चपळ. जवळच्या वल्लम गावात दोन खोल्या घेऊन तिघं एकत्र राहत.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा जड साचा खाली येतो. म्हणजे साचा पडताना दोन्ही हात बटणावर राहतात, आत राहत नाहीत. पुष्करनं त्यावर उपाय काढला. खोक्याच्या लाकडाची एक बारीक पाचर तासून त्यानं डाव्या बटणात ठोकून दिली. कुऱ्हाडीच्या दांड्याला मारतात तशी. आता डाव्या हातानं पट्टी ठेवायची, काढायची, आणि उजव्यानं बटण दाबत राहायचं. आकडा चढला. पुष्करनं आपल्या प्रेसला पाचर मारली तशी दाजींच्याही प्रेसला मारून दिली. शहाजी आधी नको म्हणाला. पण उजवा हात सारखा हलवावा लागत नसे, बटणावरच टेकून राहायचा, आणि दुखऱ्या खांद्यावरचा भार कमी व्हायचा. दोन दिवसांनी तो नको म्हणायचा थांबला.

लाइनवरच्या बहुतेकांनी ते पाहिलं होतं. शिफ्टचा सुपरवायझर राजगोपाल यानंही पाहिलं होतं. फेरी मारताना तो त्या प्रेसशी आला की मान वर करून पंख्याकडं बघायचा आणि पुढं जायचा.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी शहाजीच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. घसा लाकडासारखा झाला होता. शेजारच्या मशीनवर रामस्वामी होता, शांत, कामाशी काम ठेवणारा, दुसऱ्याच्या मशीनकडं न बघणारा माणूस. पाणी पिऊन येईपर्यंत माझ्या जागी उभा राहा, अशी खूण शहाजीनं केली. रामस्वामी आला. आकडा थांबायला नको म्हणून लगेच पट्टी उचलून उभा राहिला. पाचरीचं सांगायचं शहाजीच्या ध्यानातच आलं नाही. रामस्वामीच्या मशीनची दोन्ही बटणं शाबूत होती. त्याला सवय दोन बटणांची. डाव्या हातानं तो पट्टी सरळ करत होता, आणि उजवा हात सवयीनं बटणावर जाऊन टेकला.

शहाजी नळाला तोंड लावून होता. आरोळी ऐकू आली नाही. लाइनचा आवाज तेवढा बंद पडला. तो वळला तेव्हा रामस्वामी उभाच होता आणि आपल्या डाव्या हाताकडं दुसऱ्याचा हात बघावा तसा बघत होता. तीन बोटं गेली होती.

सगळ्यात आधी पुष्कर धावला. एका हातानं त्यानं मशीन बंद केलं, दुसऱ्या हातानं पाचर उपटून पँटच्या खिशात घातली. मग अंगातला सदरा काढून रामस्वामीच्या हाताला गुंडाळला, त्याला खांद्याशी धरून बाहेर नेलं, गाडीतून त्याच्याबरोबर दवाखान्यातही गेला. पाचर काढताना त्याला शहाजीनं पाहिलं आणि मुरुगेसननंही पाहिलं. मुरुगेसन लाइनवरचा वयानं मोठा तमिळ माणूस. बाकीचे त्याचं ऐकत.

दुसऱ्या दिवशी चौकशी होती. त्याआधी राजगोपालनं शहाजीला साच्यांच्या खोलीमागं बोलावलं. राजगोपालचं घराणं तंजावरचं मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडं राहिलेलं, आता चेन्नईत एग्मोरला घर. त्याची मराठी जुनी, तमिळच्या हेलावर चालणारी. एरवी शहाजीला ती ऐकायला गोड वाटायची.

"ऐक अप्पा," तो म्हणाला, "लाकडाची गोष्ट काढूं नकोस. काढलास तर लाइन बंद होईल, तूं बाहेर, तुझा मेहुणाहि बाहेर. रामस्वामीला कंपनी बघून घेईल. सरी? समजलें?"

शहाजी मान हलवून चौकशीला गेला. गार हवेच्या खोलीत साहेबासमोर उभं राहिल्यावर घाम वाळून त्याला शिरशिरी आली. त्यानं सांगितलं, मशीन बरोबर होतं, त्याचाच हात आत गेला असणार, मी तिथं नव्हतो. राजगोपालनं ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. पुष्करनंही तेच सांगितलं, आणखी नीट. मुरुगेसन आणि बाकीच्यांनी आम्ही पाठमोरे होतो, काही पाहिलं नाही असं सांगितलं. कामगाराचीच चूक, असा निकाल झाला. दवाखान्याचं बिल कंपनीनं भरलं. रामस्वामी ठेकेदाराचा माणूस होता, त्याला ठेकेदारानं कमी केलं. बाकी काही मिळालं नाही.

नंतरच्या सोमवारी शहाजी कँटीनमध्ये ताट घेऊन नेहमीच्या बाकावर बसला. मुरुगेसन बसल्या बसल्या सरकला. जागा करायला सरकला असेल असं शहाजीला वाटलं. पण मुरुगेसन सरकता सरकता उठला आणि ताट घेऊन पलीकडच्या बाकावर गेला. त्याच्यामागं दुसरा गेला. मग तिसरा. कोणी रागानं बघितलं नाही, कोणी काही बोललं नाही. सांबाराची बादली त्यांच्याबरोबर तिकडं गेली. शहाजीनं कोरडा भात ताकात कालवून खाल्ला.

पुष्कर जरा उशिरा आला. दाजी एकटे बसलेले त्यानं बघितले, तिकडचा भरलेला बाक बघितला. तिकडून कुणीतरी त्याला हाक मारली. तो तिकडं गेला. त्यांनी त्याला मधोमध जागा दिली.

मग रोजच तसं होऊ लागलं. चहाची वेळ झाली की लाइनवरचा एकजण सगळ्यांचे कप ताटलीत घेऊन यायचा. त्यात शहाजीचा कप नसायचा. तो स्वतः जाऊन आणायचा तोवर चहा संपलेला असायचा. साचा बदलताना दोन माणसं लागतात. एका बाजूनं शहाजी हात घालायचा आणि दुसरी बाजू धरायला कोणी यायचंच नाही. तो वाट बघायचा, मग पहार लावून, मांडीचा टेका देऊन एकटाच सरकवायचा. खांद्यात सणक उठून डोळ्यात पाणी यायचं. ते पुसायला हात मोकळे नसायचे. कंपनीच्या बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची आणि माणसं उभी राहून जायची. त्याच्याशी काम असलं तर ते त्याच्याशी न बोलता मशीनशी बोलायचे. हे चाक सैल झालंय, इथं तेल कमी आहे. त्याचं नाव त्यांच्या तोंडून गेलं ते गेलंच.

गावात वाळीत टाकलेलं एक घर त्यानं लहानपणी पाहिलं होतं. पण तिथं निदान माणसं बसली होती, बोलली होती, तुम्हांला वाळीत टाकलं असं तोंडावर सांगितलं होतं. इथं कोणी काही सांगितलंच नाही.

शेवटी एकदा हात धुण्याच्या नळाशी त्यानं मुरुगेसनला गाठलं. माझ्याशी का बोलत नाही, म्हणून विचारलं. मुरुगेसन मोडक्या हिंदीत बोलायचा. बोटांच्या फटीतलं काळं तेल काढत तो म्हणाला, "त्या जागी तू उभा असायला पाहिजे होतास. तू त्याला उभा केलास, आणि वर त्याचीच चूक म्हणालास."

शहाजीला ते अगदी खरं वाटलं. तरी तो म्हणाला, "पुष्करपण तेच म्हणाला. पाचर त्यानं मारली होती."

"माहीत आहे."

"मग?"

मुरुगेसननं नळ बंद केला. "रामस्वामी गेला. तुझा खांदा गेला. त्याला पण सोडला तर लाइन कोण चालवणार?"

हे सांगताना त्याला लाज वाटली नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगून तो निघून गेला.

घरी शहाजीनं यातलं काहीच सांगितलं नाही. दोघं कामावरून यायचे, अंघोळ करून जेवायला बसायचे. पुष्कर दोन भाकऱ्या जास्त खायचा, लाइनवरच्या गमती सांगायचा. शहाजी ताटाकडं बघत जेवायचा. उन्हानं अन्न जात नसेल असं हेमलताला वाटलं. तिनं कैरीचं पन्हं करून दिलं, खांद्याला दोन वेळा तेल लावलं.

तिला कळलं ते पाण्याच्या टँकरवर. विहिरी आटल्या होत्या आणि गल्लीत एक दिवसाआड टँकर यायचा. बायका आदल्या दिवसापासूनच रंगीत प्लॅस्टिकच्या घागरी रांगेत लावून ठेवत. हेमलताची हिरवी घागर नेहमी पुढं असायची. बायका तिला अक्का म्हणायच्या, तिच्या मोडक्यातोडक्या तमिळला हसायच्या, आणि तिची घागर उचलायला हात लावायच्या. त्या दिवशी ती आली तेव्हा तिची घागर रांगेच्या पार शेवटी, गटाराच्या कडेला पडलेली होती. तिनं ती उचलून जागेवर ठेवली. एका बाईनं पायानंच ती बाजूला केली. हेमलतानं सगळ्यांच्या तोंडांकडं बघितलं. सगळ्या टँकरच्या नळीकडं बघत होत्या. तिची पाळी आली तेव्हा नळीतून नुसता वारा येत होता.

घरमालकीण तेवढी बोलली. रामस्वामीची बायको सेल्वी पलीकडच्याच गल्लीत राहते, ती आता गारमेंटच्या कंपनीत दोन पाळ्या करते, आणि तिच्या नवऱ्याची बोटं कुणामुळं गेली ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, असं तिनं सांगितलं. हेमलताला तमिळ निम्मं समजलं. निम्म्यावरच ती रिकामी घागर घेऊन घरी आली.

त्या संध्याकाळी तिनं तवा ठेवला नाही. दोघं आले तसं दोघांना समोर बसवून विचारलं. शहाजीनं सगळं सांगितलं, पाणी प्यायला गेलो तिथपासून साहेबाच्या खोलीपर्यंत. मधे एकदाही थांबला नाही. आत साठलेलं कुणीतरी मागायचीच वाट बघत असल्यासारखा बोलला. पुष्कर दाराच्या चौकटीला टेकून मोबाइल बघत होता.

हेमलतानं भावाला विचारलं, "आणि तुला कोन कायबी बोललं न्हाई?"

"मला कशाला बोलत्याल?" तो म्हणाला. "आक्का, दाजी उगा मनाला लावून घेत्यात. चार दिवस गप बसतील, मग बोलतील. मी त्या रामस्वामीला फळं देऊन आलो. सदरा गेला माझा, त्येचं काय न्हाई. आता लाइन माझ्यावर चाललीया, राजगोपाल सायेब मला लीडर करायचं म्हन्त्यात."

"पाचर कुनी मारली हुती?"

"मीच मारली. आकडा कुनाला नको हुता?"

तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण याला तिनंच अंगाखांद्यावर वाढवला होता. आई रोजगाराला जायची तेव्हा झोळीला झोके देत तिनं शाळा बुडवली होती. ती उठली आणि पीठ मळायला बसली. त्या दिवशीच्या भाकऱ्या कडेनं चिरल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सेल्वीच्या घरी गेली. डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते. सेल्वी कामावर गेली होती. रामस्वामी एकटाच दारात खुर्ची टाकून बसला होता, डावा हात उशीवर ठेवलेला. त्यानं तिला ओळखलं. आत ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. हेमलता उंबऱ्याच्या बाहेर उकिडवी बसली. पत्र्याच्या सावलीची एवढीशी पट्टी होती, तिचे पाय उन्हात राहिले.

तमिळ, हिंदी, हाताच्या खुणा यांनी ते थोडं बोलले. दुखतंय का, म्हणून तिनं विचारलं. जी बोटं नाहीत तीच दुखतात, असं त्यानं सांगितलं. नोकरीचं विचारलं तर त्यानं मान हलवली. चूक आपली नसून आपली ठरली, म्हणून कुठलाच ठेकेदार उभं करत नाही; हा माणूस मशीनमध्ये हात घालतो म्हणतात. हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही. निघताना मात्र तो म्हणाला, "शहाजीला एक विचार. जाताना तो मला बोलला का नाही? लाकूड आहे, एवढंच. एक शब्द."

लाडूचा डबा त्यानं घेतला नाही. तो उंबऱ्यावर तसाच ठेवून ती आली. संध्याकाळी कुणीतरी तो तिच्या दाराशी आणून ठेवला होता, झाकणसुद्धा न उघडता.

तिनं रामस्वामीचा प्रश्न नवऱ्याला जसाच्या तसा विचारला. पुष्कर तेव्हा दुसऱ्या पाळीला होता. शहाजी भिंतीला पाठ लावून बसला होता. तो म्हणाला, तहान लागली होती. दुसरं काही मनात आलंच नाही.

"ते झालं चुकून," हेमलता म्हणाली. "पन सायबाफुडं बोलला ते चुकून न्हवं."

"न्हवं."

"मग जावा आनि खरं सांगून या."

"हेमा, माझं एकट्याचं सांगून भागत न्हाई. पाचर कुठनं आली इच्यारत्याल. पुष्करचं नाव घ्यावं लागंल."

तिनं पदरानं चेहरा पुसला. पंख्याचा कटकट आवाज होत होता. दोघांनाही माहीत होतं की पुष्करचा पगार गावाकडं तिच्या आईबापाच्या चुलीला जातो, आणि त्याच्यासाठी मुलगी बघणं चालू आहे.

"घ्या," ती म्हणाली. "त्येचं नाव घ्या. माझ्याकडं बघू नगा."

शहाजी आधी राजगोपालकडं गेला. सांगितल्याशिवाय परस्पर वर जाणं त्याला बरं वाटलं नाही. राजगोपालनं त्याला जेवणाच्या सुट्टीत लाइनच्या टोकाला नेलं आणि शांतपणे समजावलं. जे झालं ते झालं, रामस्वामीची बोटं काही परत यायची नाहीत, लोक आज अबोला धरतात ते उद्या विसरतील. शहाजी ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला की मी जाणार. तेव्हा राजगोपालचा आवाज बदलला.

"खोटें बोललास म्हणून ते तुझ्यासवें जेवीत नाहींत," तो म्हणाला. "खरें बोललास तर तुझें तोंड बघणार नाहींत. माझें ऐक."

शहाजी गेला. साहेबापुढं या वेळी राजगोपालची गरज पडली नाही. आपल्या हिंदीत त्यानं सांगितलं. पाचर होती. पुष्करनं मारली. मला माहीत होती. रामस्वामीला माहीत नव्हती, मी सांगितलं नाही. राजगोपालला माहीत होती. साहेब मधे मधे खिडकीबाहेर बघत होता. ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं की हे आणखी कुणाला सांगितलंस का. शहाजी म्हणाला, रामस्वामीच्या घरी सांगून आलोय, तो कामगार खात्यात जाणार आहे. ते खरं होतं. सकाळी पाळीवर यायच्या आधी हेमलताला घेऊन तो त्यांच्या दारात उभा राहिला होता. सेल्वीनं ऐकून घेतलं होतं, आम्ही कामगार खात्यात जातो एवढंच म्हणाली होती आणि दार लावून घेतलं होतं.

मग पटापट गोष्टी घडल्या. सरकारी अधिकारी आला. प्रेसची लाइन बंद ठेवून सगळ्या मशीनना नवी बटणं आणि समोर जाळ्या बसवल्या. लाइन बंद राहिली तेवढे दिवस माणसांना घरी बसावं लागलं, आणि चालू झाल्यावर आकडा निम्म्यावर आला. मुरुगेसन आणि बाकीचे पुन्हा चौकशीला गेले. आता त्यांना आठवलं की हो, लाकूड होतं, पुष्करनं मारलेलं. राजगोपालनं मला काहीच ठाऊक नव्हतं असं सांगितलं आणि शहाजीशिवाय ते कुणी खोडलं नाही. रामस्वामीची भरपाई मंजूर झाली, कंपनीच्या स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं. पुष्करला काढून टाकलं. शहाजीला काढलं नाही, कारण खात्यात त्याची साक्ष अजून व्हायची होती. त्याला मागच्या आवारात भंगाराच्या ढिगावर टाकलं. पत्र्याचे कातरलेले तुकडे, वाकडे भाग निवडून वेगळे करायचे. वर सावली नाही.

पुष्कर निघाला त्या दिवशी बहिणीशी बोलला नाही. बॅग भरताना तिनं त्याच्यासाठी बांधलेली भाकरीची गाठोडी त्यानं ओट्यावर तशीच ठेवली. दारात थांबून तो शहाजीला म्हणाला, "दाजी, तुमीच मला हितं आनलं आनि तुमीच घालवलं. आता लाइनवर तुमचा मान वाढंल."

मागून हेमलता एकटीच एग्मोरच्या स्टेशनवर गेली. निदान गाडीत बसताना बघावा, बोलला नाही तर नाही. गाडी फलाटाला लागली होती. डब्याच्या दाराशी गर्दी होती, आणि त्या गर्दीत तिला मुरुगेसन दिसला. लाइनवरची सगळी माणसं आली होती. कुणी केळ्याच्या वेफर्सचा पुडा आणला होता, कुणी पाण्याची बाटली. मुरुगेसननं पुष्करला पोटाशी धरलं होतं आणि पाठीवर थापटत होता. चौकशीत त्याचं नाव सांगणारे हेच होते. हेमलता खांबाआड उभी राहिली. गाडी हलल्यावर ते सगळे तिच्या जवळून गेले, बोलत, हसत. तिला पाहिल्यावर त्यांचं बोलणं थांबलं आणि पुढं गेल्यावर पुन्हा सुरू झालं.

आईचा फोन आषाढात आला. पंचमीला येऊ नकोस, म्हणाली. पुष्करचं जमत आलेलं लग्न फिसकटलं होतं. नोकरीवरून हाकललेल्या पोराला मुलगी कोण देणार. वडील तुझं नाव काढू देत नाहीत, असंही म्हणाली. हेमलतानं बरं म्हटलं. फोन ठेवून ती पाण्याला गेली. टँकरच्या रांगेत तिची घागर आता कोणी सरकवत नव्हतं. पण तिच्या मागंपुढं एकेका घागरीची जागा सोडलेली असायची.

कँटीनमध्ये शहाजीनं जाणंच सोडलं. भंगाराच्या ढिगाशेजारी एक कडुलिंब होता, त्याच्याखाली बसून तो डबा खायचा. लाइनवरचे लोक पाणी प्यायला तिकडून जात. एकदा एकानं जाता जाता तमिळमध्ये काहीतरी म्हटलं आणि बाकीचे हसले. मोठा सत्यवादी निघाला, अशा अर्थाचं ते होतं, एवढं शहाजीला कळलं. आकडा घटला होता, लाइनचं बक्षीस गेलं होतं, रविवारचं जादा काम बंद झालं होतं. आधी ते त्याच्याशी बोलत नव्हते तेव्हा त्याला आत कुठंतरी बरं वाटायचं. आपण केलंय ते भोगतोय. आता काय भोगतोय ते त्याला कळेना.

रामस्वामी कामावर आला तेव्हा लाइननं त्याला हार घातला. कँटीनच्या बाकावर त्याला मुरुगेसनच्या शेजारी बसवलं, कुणी त्याच्या ताटात अप्पळम, म्हणजे पापड, ठेवला. शहाजीनं ते जाळीच्या खिडकीतून पाहिलं. त्याला वाटलं होतं, रामस्वामी एकदा तरी मागच्या आवारात येईल. शिव्या द्यायला का होईना. तो आला नाही. येता-जाता दिसायचा, डावा हात खिशात घातलेला, आणि त्याची नजर भंगारावरून जशी फिरायची तशीच शहाजीवरून फिरायची.

पावसाळा लांबला होता तेव्हाची गोष्ट. पत्र्याच्या धारेनं शहाजीचे हातमोजे फाटले, तळहाताला दोन जागी कापलं. नवे मागायला स्टोअरच्या खिडकीशी जावं लागणार होतं. दोन दिवस त्यानं तसंच, फडकं गुंडाळून काम केलं. मग गेला. खिडकीशी रांग होती. लाइनवरचाच एक माणूस पुढं होता. त्याला हातमोजे दिले, तो गेला. शहाजी पुढं झाला आणि फाटके हातमोजे त्यानं फळीवर ठेवले.

रामस्वामीनं ते उजव्या हातानं उचलले, बघितले, डब्यात टाकले. मागच्या मांडणीवरून नवी जोडी काढून फळीवर ठेवली. मग बोलला.

शहाजी घरी आला तेव्हा हेमलता भाकरी थापत होती. चप्पल काढायच्या आधीच तो म्हणाला, "रामस्वामी बोलला आज."

तिचा हात थांबला. "काय म्हनला?"

"हातमोजं बघून घे म्हनला. मागनं बदलून मिळत न्हाईत."

"समद्यांस्नी सांगत आसंल तसं."

"व्हय. माझ्या आदल्यालाबी तसंच सांगितलं." तो पाटावर बसला. तळहाताला गुंडाळलेलं फडकं सोडू लागला, ते रक्तानं चिकटलं होतं. "पन मला सांगितलं की."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला.

"मग?" ती म्हणाली. "घेतलं बघून?"

"घेतलं," शहाजी म्हणाला.